माझ्या काळ्या गाडीला हात लावणारे

काळी गाडी घेतली की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते आपणहून पार्किंगमध्ये येतात, हातात फडकं घेऊन! मैत्रिणी म्हणतात, वैशाली, तू या गाडीवरून फार चिडतेस. हो, चिडते. तुम्हीही चिडाल. ऐकाच.

मी मूळची अमरावतीची. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात अधिकारी आहे, बदली होऊन लखनौला आले ती इथलीच झाले. नवरा प्रशांत अमौसीला विमानतळावर नोकरी करतो. मुलगी रेवा इथेच वाढली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. महानगर नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या सोसायटीत आम्ही राहतो. पार्किंगला छप्पर नाही आणि धुळीला सुट्टी नाही.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, पांढरी घे. नवऱ्याने सांगितलं, सासरच्यांनी फोन करून सांगितलं, शोरूमवालासुद्धा म्हणाला, "मैडम, व्हाइट में धूल नहीं दिखती." घरातले पडदेसुद्धा मी कधी एकटीने निवडले नव्हते. गाडी मात्र माझ्या पसंतीची घेतली, काळीभोर. आणि घरादाराला एकच अट घातली, की मला विचारल्याशिवाय तिला कोणी पुसायचं नाही. जगात अशी एक तरी वस्तू असावी की नाही, जिला मला न विचारता कोणी हात लावणार नाही?

एवढी साधी अट! बघा काय झालं तिचं.

*

सोसायटीतल्या सगळ्या गाड्या छोटेलाल पुसतो. त्याच्याकडे एक बादली आणि एक फडकं. पहिल्या गाडीला पाणी असतं, शेवटच्या गाडीपर्यंत त्याचा चहा होतो.

नवी गाडी आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी खाली उतरले, तर हा पठ्ठ्या कोरड्या फडक्याने बॉनेट घासतोय! रात्रभर बसलेली धूळ तशीच वर, आणि वरून याचा जोर.

"मैडम, चमका दिया!"

चमकली होती खरी. ऊन आलं तसं दिसलं, बॉनेटभर बारीक गोल गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. अरे, धुळीत वाळू असते! कोरडं पुसणं म्हणजे गाडीला वाळूने घासणं! हे सगळं मी त्याला ओरडून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मगर मैडम, धूल थी ना."

मग मी मायक्रोफायबरची मऊ, जाड फडकी आणली. त्याला उभं करून समजावलं, आधी पाइपने पाणी मारायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हे फडकं, तेही ओलं. "जी मैडम, जी मैडम." दुसऱ्या दिवशी बघते तर गाडीवर तेच जुनं चिरगूट! आणि माझं नवं फडकं? छोटेलालच्या गळ्यात, मफलरसारखं, छान घडी घालून.

"इतना मुलायम कपड़ा गाड़ी पे कैसे मारें, मैडम?"

*

त्या दिवशी छोटेलालला माझी गाडी बंद केली. ठरवलं, आपली गाडी आपण धुवायची.

मी शिकले, वाचलं, व्हिडिओ बघितले. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा. पाइपने धूळ काढायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. केसाळ हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपावरून खाली यायचं, आणि परत शाम्पूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर जात नाही. यात अवघड काय आहे सांगा? पण बाई गाडी धुते म्हटल्यावर सोसायटीच्या बाल्कन्या भरल्या.

पहिल्या मजल्यावरचे तिवारीजी पेपर बाजूला ठेवून वाकून बघत होते. "भाभीजी, भाई साहब घर पे नहीं हैं क्या?"

"हैं. पराठे सेंक रहे हैं."

तिवारीजींना हे पचायला वेळ लागला. पचलं नाहीच बहुतेक, कारण थोड्या वेळाने चपला फटफटवत खाली आले. माझा हातमोजा नेमका तेव्हाच बादलीच्या काठावरून जमिनीवर पडला होता. मी तो बाजूला टाकणार, तोवर यांनी उचलला आणि खड्या-मातीसकट दाराला लावला! मी "अरे, रुकिए!" म्हणेपर्यंत हँडलपासून मागच्या चाकापर्यंत सरळ रेघ.

"लेडीज़ का हाथ हल्का पड़ता है," ते म्हणाले. "ज़रा दम लगाके रगड़िए. देखिए, अब साफ़ हुआ!"

माझं डोकं असं सणकलं! दात-ओठ खात मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी वर बघून बायकोला हाक मारली, "सुनती हो? चाय भिजवाओ. भाभीजी का चेहरा देखो, बेचारी थक गई हैं."

*

लखनौची आणखी एक अडचण म्हणजे इथे धड भांडताही येत नाही.

निशातगंजच्या बाजारात गाडी लावून मी औषधं घ्यायला गेले होते. परत येते तर एक गृहस्थ माझ्या बॉनेटवर सब्जीची पिशवी ठेवून आरामात फोनवर बोलतायत! नुसती ठेवली असती तर एक वेळ ठीक. बोलता बोलता पिशवी एका हाताने इकडून तिकडे सरकवत होते. खाली धूळ, वर चार किलो बटाटे.

मी गेले तशी तडकले. "आपके घर आके आपके सोफ़े पे मैं अपनी सब्जी रख दूँ तो कैसा लगेगा?"

त्यांनी फोन बंद केला, पिशवी उचलली, छातीवर हात ठेवला आणि थोडंसं झुकले. "ज़रूर रखिए. आप ही का घर है. कब तशरीफ़ ला रही हैं?"

आता काय करणार? मी गाडीत बसून एकटीच ओरडले.

*

प्रशांतचं काय सांगू! हा माणूस अमौसीला विमानाजवळ कोणी शिडी जरा तिरकी लावली तरी आकांडतांडव करतो. घरी आला की त्याची सगळी शिस्त चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

टपावर कबुतराची घाण पडून वाळली होती. ती रंग खाते, म्हणून लगेच काढायला हवी, पण घासून नाही. मी ऑफिसला निघता निघता त्याला सांगितलं, "ओलं फडकं त्याच्यावर ठेव. मऊ होऊ दे. मग अलगद उचलून घे. घासू नकोस. काय सांगितलं?"

"घासू नको."

"शाब्बास."

संध्याकाळी आले तर स्वयंपाकघरातली भांडी घासायची हिरवी घासणी जागेवर नाही. तशीच खाली पळाले. टपावर तळहाताएवढा पांढुरका, आंधळा चट्टा!

"प्रशांत!!"

"अगं, वाट बघितली मी," तो म्हणाला. "पण मऊच होईना. पण निघाला ना डाग? बघ, निघाला की नाही?"

"निघाला. रंगासकट निघाला!"

त्याने नीट वाकून बघितलं, विमान तपासावं तसं. मग म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, पांढरी घे."

त्या रात्री त्याला त्याच घासणीने सगळी भांडी घासायला लावली. राग काही गेला नाही.

*

परक्यांवर ओरडता येतं, नवऱ्यावर तर येतंच. शिंदे काकूंवर कसं ओरडणार?

शिंदे काका हवाईदलातून निवृत्त झाले आणि लखनौलाच राहिले. दसऱ्याला आम्ही चार मराठी घरं त्यांच्याकडे जमतो. आपट्याची पानं कुणीतरी गावाहून आणतं आणि सगळ्यांच्या गाड्यांची पूजा काकू स्वतः करतात. एका वर्षी मी आदल्या दिवशी गाडी धुऊन, माती ओढून घेणारी ती चिकणमातीसारखी वडी फिरवून, मेणाचा हात देऊन अशी तयार केली होती की तिच्यात बघून टिकली लावावी.

काकू तबक घेऊन आल्या. तबक ठेवलं कुठे? बॉनेटवर. पितळेचं! मग तेलात कुंकू कालवलं आणि अनामिकेने स्वस्तिक काढायला घेतलं. त्या बोटात त्यांची खड्याची अंगठी. स्वस्तिक मोठं हवं म्हणून बोट चांगलं दाबून, सावकाश, चारही हात नीट वळवून. प्रत्येक वळणाला माझ्या काळजावर कर्र कर्र आवाज येत होता. मी प्रशांतकडे बघितलं, तो आकाशाकडे बघत होता.

"काकू, अंगठी..." मी कसंबसं म्हटलं.

"अगं, तुझ्या काकांनी साठीला केली. आवडली?"

"छान आहे. पण रंगाला जरा चरे..."

"पडले तर पडू देत गं!" काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुंकवाचा. "केवढी चकचकीत ठेवतेस! दृष्ट लागेल अशाने."

मी पाया पडले. दुसरं काय करणार? मला चिडायला लावणाऱ्या सगळ्यांचा हाच प्रकार आहे, कोणाच्याच मनात वाईट नसतं! एखाद्याने मुद्दाम खिळा ओढला असता तर पोलिसात गेले असते. हे सगळे प्रेमाने ओरबाडतात, आणि वर चहा पाजतात.

*

राहिली रेवा.

मी मेणाचा हात फिरवत असले की ही जिन्यावर बसून चिप्स खात बघायची. "मम्मा, इतना प्यार से तो मुझे भी नहीं नहलाया होगा."

"मराठीत बोल."

"आती है. बोलनी नहीं है."

हे आमचं रोजचं. मी मराठीत चिडायचे, ती हिंदीत हसायची. आणि एक घाणेरडी सवय, जाता-येता बॉनेटवर टी-शर्टची बाही फिरवायची आणि त्यात आपले केस बघायचे! मी तिला किती वेळा ओरडले असेन, त्याचा हिशेब नाही. "हात लावू नकोस!" हे वाक्य मी तिच्याशी 'जेवलीस का'पेक्षा जास्त वेळा बोलले असेन.

उन्हाळ्यात तिला बंगळुरूला नोकरी लागली. पहिलीच. जाण्याच्या आठवड्यात मला नेमकं ऑफिसच्या कामाने दिल्लीला जावं लागलं. आणि त्याच आठवड्यात लखनौला धुळीची अशी आंधी आली की प्रशांत फोनवर म्हणाला, "गाडीचा रंग ओळखू येत नाहीये. खाकी दिसतेय."

"कोणी हात लावायचा नाही!" मी तिकडून ओरडले. "मी आल्यावर पाणी मारून धुणार आहे. रेवाला फोन दे. रेवा, ऐक, बाही लावशील तर याद राख!"

"हाँ मम्मा. नहीं लगाऊँगी. आप टाइम पे आ जाना बस."

माझी ट्रेन सकाळी पोचायची होती, तिचं विमान दुपारी. आगगाडी वाटेत कुठेतरी थांबली ती थांबलीच. मी घरी पोचले तेव्हा प्रशांत तिला सोडून परतही आला होता. कॅबने.

"कॅबने का? गाडी होती ना खाली!"

"तूच म्हणालीस, हात लावायचा नाही."

मला इतका संताप आला की बॅग तिथेच टाकून मी खाली पार्किंगमध्ये गेले. गाडीवर बोटभर धूळ. आणि त्या धुळीत, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटाने चांगलं दाबून, मोठ्या अक्षरांत, चक्क मराठीत लिहिलं होतं,

'आई, हात नाही लावला.'

मी तिथूनच तिला फोन लावला, ओरडायला. बंद होता, विमानात होती.

पाइप आणला. खूप वेळ नुसतं पाणी मारलं. धूळ गेली, अक्षरं गेली. मग दोन बादल्या, हातमोजा, सगळं रीतसर. फडक्याने टिपून कोरडी केली आणि ऊन तिरकं झालं तशी सगळी अक्षरं परत उमटली. बारीक, पांढरी, रंगात कोरलेली. काना-मात्रेसकट.

पुढच्या आठवड्यात मी निशातगंजच्या मागे गाड्या पॉलिश करणाऱ्याकडे गेले. त्याने दिवा धरून सगळी गाडी बघितली. छोटेलालची जाळी, तिवारीजींची रेघ, बटाटे, कबूतर, काकूंचं स्वस्तिक. "सब निकल जाएगा, मैडम," तो म्हणाला. मग बॉनेटपाशी आला आणि दिवा तिरका करून वाचायला लागला. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"ये हिंदी तो नहीं है. मतलब क्या हुआ इसका?"

"मतलब," मी म्हटलं, "यहाँ हाथ मत लगाना."