चिबड रानासाठी एक इंजिन

इंजिन चेन पुलीला लटकत होतं आणि खाली बसायला तयार नव्हतं. चार बोटं जागा कमी पडत होती. बिभीषण वरून त्याला हात लावून बघत होता, पेटीचं झाकण दाबून बसवावं तसा.

"ताई, आमी दोघं वरून हुबं राह्यलो तर?"

"ते स्वतः पाचशे किलोचं आहे. ते बसेना, तिथं तुम्ही दोघं उभे राहून काय होणार?"

दुसरा म्हणजे त्याचा चुलता, नाना. ट्रकमध्ये दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी. नाना खुर्चीवर बसून होते आणि चूक माझ्या चेन पुलीची आहे अशी त्यांची खात्री दिसत होती.

अंबाजोगाईत माझं इंजिन रिबिल्डिंगचं वर्कशॉप आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी या धंद्यात पडले, त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत येऊन मला विचारतं, "साहेब कुठं गेलेत?" मी सांगते, साहेब नाहीतच, काम काय ते बोला. काहीजण परत जातात. जे राहतात ते सहसा मग कायमचे राहतात.

हा ट्रक लष्करातला. सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात विकतात, त्यातून या काका-पुतण्यांनी तो घेतला होता. साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. यात पुढच्या चाकांनाही जाते. गाडी घ्यायचं कारणच ते होतं. बिभीषणची धाकटी बहीण लता युसूफ वडगावच्या पुढं दिलेली. तिचं रान धरणाच्या फुगवट्याला लागून. चिबड रान, म्हणजे पाणी धरून बसणारं. पीक जोरात येतं, पण एकदा पाऊस झाला की महिनाभर पाय ठेवू देत नाही. मागच्या हंगामात एकही ट्रॅक्टरवाला तिच्या रानात ट्रॉली घालायला तयार झाला नाही. कारखाना बंद झाला, ऊस उभाच राहिला, वाळला, आणि शेवटी तिनं तो पेटवून दिला. या वर्षी तुझा ऊस मी बाहेर काढतो, असा शब्द बिभीषणनं बहिणीला दिला होता. पुण्यातली नोकरी सोडून त्यानं हा ट्रक आणला. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि पंधरवड्यात ट्रकच्या इंजिनातला पिस्टनचा रॉड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं ओतीव अंग, फोडून बाहेर आला.

फुटलेला ब्लॉक म्हणजे फुटलेला माठ. त्याला लिंपून उपयोग नसतो. त्याच जातीचं दुसरं इंजिन मिळतं, पण तेही तेवढंच म्हातारं, आणि सुटे भाग शोधण्यात हंगाम निघून जातो. तेव्हा इंजिनच बदलायचं ठरलं. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

पुढचं काम मात्र नानांनी मला न विचारता उरकलं. हायवेवरच्या एका मोठ्या लॉरीचं टर्बोवालं इंजिन पसंत केलं, पिकअपमध्ये टाकलं आणि हळद-कुंकू लावून माझ्या दारात आणून ठेवलं. नारळही फोडून झाला होता. नारळ फुटलेल्या इंजिनाला नको म्हणायचं म्हणजे लग्नमंडपात नवऱ्या मुलाची उंची मोजायची. मी म्हटलं, आधी बसतंय का बघू.

ते बसलं नाही याचं कारण सोपं होतं. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. या इंजिनाचं चेंबर पुढच्या बाजूला खोल होतं. आणि आमच्या ट्रकला, पुढची चाकंही ओढतात म्हणून, नेमकं त्याच जागी खाली डिफरन्शियल होतं, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं पातेल्याएवढं लोखंड. दोन पातेली एका चुलीवर बसत नाहीत.

"चेंबर कापून वेल्डिंग मारू की," नाना म्हणाले.

"मारू. पण त्याआधी सांगा, गाडी काय काम करते?"

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. लोक उत्तर देतात ते गाडीनं काय करावं असं त्यांना वाटतं त्याचं असतं.

"ऊस वाहाती," नाना म्हणाले. "रानातून कारखान्यावर. जितकी पळंल तितक्या खेपा. म्हनून तर लई ताकदीचं आणलं."

बिभीषण पुलीची साखळी उगाच नीट करायला लागला. तो एरवी नजर चुकवणारा माणूस नाही. मी गाडीभोवती एक चक्कर मारली.

मागचा हुक बघून मी थांबले. गाडी ओढायला मागं जो जाड लोखंडी हुक असतो, तो चांदीसारखा घासला गेला होता आणि डाव्या अंगाला वाकला होता. लष्करातून येताना तो तसा नव्हता, कारण वाकलेल्या जागेवर यांनी गाडी घेतल्यावर मारलेला रंगच उडाला होता. मग मी गाडीची जुनी क्लच प्लेट काढून आणायला सांगितली. ती जळून काळी पडलेली.

"हा हुक कशानं वाकला?"

बिभीषणनं नानांकडं बघितलं. "टोचन," तो हळूच म्हणाला.

"किती जणांना दिलं?"

"मोजलं न्हाई. फसल्याली ट्रॉली दिसल्यावर पुढं कसं जायचं, ताई? आपल्याकडं चालत न्हाई ते."

खरंच चालत नाही. फसलेल्या गाडीला साखळी लावून ओढायचं, त्याला टोचन म्हणतात. आमच्या भागात त्याचे पैसे मागायची रीत नाही. मागितले तर माणसाचं नाव जातं. चहा घ्यायचा, आणि तोही नको म्हणायचं नाही. आता चारी चाकांनी ओढणारा ट्रक एकच, आणि चिबड रानातल्या ट्रॉल्या पन्नास. बिभीषणचा फोन सकाळपासून वाजत असणार.

नाना उठून उभे राहिले. "मला सांगायचास, उसाच्या रांगंत हुबा हाय म्हनून. तू गावाची गाडी वढीत बसलातास व्हय बे? धंदा मांडला का धर्मशाळा?"

"न्हाई म्हनायचं कसं, नाना?"

"तोंडानं."

मी दोघांनाही बसवलं आणि चहा मागवला. कारण इंजिन का मेलं ते आता मला कळलं होतं. टोचन देताना गाडी माणसाच्या चालीनं चालते. रेडिएटरला वारा लागत नाही. इंजिन तापतं, पिस्टन धरतो, म्हणजे आतल्या आत अडकून बसतो, आणि पुढचं सगळं रॉड करतो. इंजिनाला ताकद कमी पडली नव्हती. त्याला न सांगितलेलं काम दिलं गेलं होतं.

मग मी त्यांना टर्बोचं समजावलं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, पण इंजिन बऱ्यापैकी फिरायला लागल्यावर. मंद चालीत तो झोपलेला असतो. चिखलात गाडी मंदच चालते. तुम्ही वैतागून रेस देता, तो एकदम जागा होतो, चाक गरकन फिरतं आणि आपलाच खड्डा खणतं. वर या ट्रकचा जुना गिअरबॉक्स एवढा दणका सोसणार नाही. आज इंजिन बदललं, उद्या गिअरबॉक्स बदला.

"मंग काय घालावं म्हन्ता?"

"जुन्या पद्धतीचं सहा सिलेंडरचं, बिनटर्बोचं. पळणार नाही. पण खालपासून सारखं ओढेल."

"पळनार न्हाई," नाना तेवढंच परत म्हणाले. एखाद्या स्थळाबद्दल बाकी सगळं ठीक आहे पण मुलगा मुका आहे असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मला राग आला. माझं वर्कशॉप आहे म्हणून नव्हे, लताचा ऊस आठवून. मी म्हटलं, "नाना, मोठं इंजिनही मी बसवून देते. माझं काम झालं. पण फुगवट्याच्या रानातून त्यानं ऊस काढला नाही, तर लताला ते तुम्ही सांगायचं."

नानांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "हाय का तसलं कुठं?"

होतं. भंगारात निघालेल्या एका लॉरीचं, कागदपत्रांसकट. कागदपत्रं लागतातच. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, बदलल्यावर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. ते सोपस्कार बिभीषणनं केले. लेथ मशीनवर माझे भागीदार मोईनभाई बसतात. त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी लोखंडी प्लेट टर्न करून दिली. याही इंजिनाचं चेंबर पुढं खोल होतं, तेव्हा वेल्डिंग इथंही चुकलं नाही. ते मागं खोल करून घेतलं, इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशन दोन ठिकाणी हलवलं, आणि मंद चालीतही रेडिएटरला वारा लागावा म्हणून फॅन मोठा घातला. इंजिन पुलीवरून खाली आलं आणि आवाज न करता जागेवर बसलं. मोईनभाई म्हणाले, "बैठ गया. अब इसकू उठाव मत." असा दिवस माझ्या धंद्यात वरचेवर येत नाही. मी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

ट्रायल हायवेवर घेऊ असं नानांचं म्हणणं. मी म्हटलं, ट्रायल लताच्या रानात, आणि मीही येणार.

नेमका दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला होता. ट्रक रानात उतरला. ऊस भरेपर्यंत लता बांधावर उभी होती. तिनं आम्हाला पाणी दिलं. भरलेला ट्रक गुरगुरला आणि निघाला. चाकं चिखलात रुतली, पण फिरत राहिली. इंजिनाचा आवाज चढला नाही की पडला नाही. म्हशीसारखी गाडी वर आली आणि पाणंदीला लागली. पाणंद म्हणजे शेतात जायची चिंचोळी वाट, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी.

आणि तिथं समोर एक ट्रॉली फसलेली होती.

दोन्हीकडं ऊस. बाजूनं निघायला जागा नाही. बिभीषणनं ब्रेक मारला आणि स्टेअरिंगवर हात ठेवून नानांकडं बघत बसला.  या वेळी त्याला विचारायची गरजच नव्हती.

नानांनी पुढं बघितलं, मागं बघितलं. मागं बांधावर लता होती.

"ह्याला वढल्याबिगर आपला ऊस कसा निघायचा," नाना म्हणाले, जणू ही गोष्ट आम्हालाच कळत नव्हती. मग ते स्वतः खाली उतरले. पांढरं धोतर गुडघ्यावर घेतलं, सीटखालची साखळी काढली आणि ट्रॉलीवाल्यावर ओरडत चिखलात शिरले. "बगतोस काय बे, धर तिकडून!"

ट्रक आणि ट्रॅक्टर समोरासमोर होते, त्यामुळं ट्रॉली ढकलून नव्हे, तर ट्रॅक्टरला पुढून साखळी लावून आमच्याकडं ओढायची होती. बिभीषणनं लो गिअर टाकला आणि भरल्या उसासकट गाडी मागं घेतली. इंचाइंचानं ट्रॉली वर आली. लताच्या रानाच्या तोंडाशी थोडी कोरडी जागा होती, तिथं ती बाजूला लावली. वाट मोकळी झाली. ट्रॉलीवाल्यानं चहाचं विचारलं. नाना नको म्हणाले नाहीत.

मी टेम्परेचरचा काटा बघत होते. मधोमध होता. लता ट्रकजवळ आली, उसाच्या मोळ्यांवर हात ठेवला आणि रडली. मी परत काट्याकडं बघायला लागले.

तिचा सगळा ऊस कारखान्यावर गेला. तिच्या आजूबाजूच्या चिबड रानांतलाही गेला. हळद-कुंकवाचं ते मोठं इंजिन नानांनी एका हायवेवाल्याला दिलं, तिथं ते सुखात असेल.

हंगाम संपल्यावर नानांचा फोन आला. "म्याडम, तुमचं इंजिन पळत न्हाई."

"सांगितलं होतं तुम्हाला."

"पर थांबत बी न्हाई." आणि फोन ठेवला. नाना कुणाची याहून जास्त तारीफ करत नाहीत, असं बिभीषणनं मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून इंजिन निवडताना मी गाडीची कंपनी आणि मॉडेल बघतेच, पण त्याआधी मालक कुणाला नाही म्हणू शकतो का ते बघते. जो म्हणू शकत नाही, त्याला फॅन मोठा लागतो.