पाच वाजता जाणारं वायफाय

"अंकल, मोटर आज लावू नका. फक्त आजचा दिवस," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

अंकल पंपाच्या स्टार्टरसमोर पाय रोवून उभे होते. "आनि माझा मोगरा सुकला तर तुमची कंपनी येऊन पानी घालनार काय?"

मी इंटरनेटवाली. नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये आमच्या छोट्या कंपनीचं ऑफिस आहे. घराघरांत फायबरची वायर न्यायची आणि नेट बंद पडलं की शिव्या खायच्या, हा आमचा धंदा. साध्या तक्रारी टेक्निशियन मुलं निस्तरतात. त्यांना न उलगडणाऱ्या माझ्याकडे येतात. या तक्रारीपुढे दोघांनी हात टेकले होते.

घर होळीला होतं. होळी म्हणजे सण नव्हे, वसईजवळचं वाड्यांचं गाव. मोगरा, केळी, भाजी आणि त्यात मधे मधे जुनी कौलारू घरं. तक्रार विचित्र होती. रोज संध्याकाळी पाचला वायफाय जायचं आणि साडेपाचला आपलं आपण परत यायचं. बाकी दिवसभर ठणठणीत.

तक्रार करणारी मर्सी, अंकलची मुलगी. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. पाचला तिची लंडनच्या क्लायंटबरोबर मीटिंग असते, आणि नेमकं तेव्हाच वायफाय पळून जायचं. मोबाइलच्या नेटवरून बसावं तर त्या दाट वाडीत फोन कसाबसा लागतो, नेट चालत नाही. वायर लावावी तर ऑफिसने दिलेल्या पातळ लॅपटॉपला वायर खुपसायला जागाच नाही.

"मॅनेजरने लास्ट वॉर्निंग दिलीय," ती मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली. "सोमवारपर्यंत नेट नीट झालं नाही तर पुण्याला येऊन ऑफिसमध्ये बसा."

खोलीत खाटेवर तिची आई होती. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवी बाजू गेलेली, डाव्या हातात जपमाळ. मर्सीने बोलता बोलता तिची उशी सरळ केली. "मी गेले तर मम्मीची कूस कोण बदलणार? पप्पांची स्वतःची कंबर धड नाही."

म्हणजे प्रश्न नेटचा नव्हताच. सोमवारनंतर ही खाट कोणाच्या भरवशावर, हा होता.

माझा संशय मोटरीवर होता. वाडीला पाणी द्यायला अंकल रोज पाचच्या सुमाराला मोटर लावायचे आणि ती अर्धा तास चालायची. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, त्यात राउटरने मान टाकली असेल, असं माझं गणित. राउटर म्हणजे तो दोन शिंगांचा डबा. बाहेरून आलेलं नेट तो घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपना वाटून देतो. गणित इतकं चोख जमत होतं की मी येतानाच मनातल्या मनात तक्रार मिटवून टाकली होती.

अखेर मर्सीने डोळे वटारले तेव्हा अंकल स्टार्टरपासून हलले. शनिवार होता, मर्सीची मीटिंग नव्हती. मी बाहेरच्या खोलीत राउटरसमोर खुर्ची टाकून बसले. मोटर बंद. पंखासुद्धा बंद ठेवायला लावला. अंकल दारात उभे राहून माझी फजिती व्हायची वाट बघत होते, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पाच वाजले आणि वायफायचा दिवा विझला.

"मोटर बंद आहे हां," अंकल म्हणाले. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

पण मी दुसऱ्याच दिव्याकडे बघत होते. राउटरवर एक दिवा आमच्या लाइनचा असतो. लाइन तुटली की तो लाल होतो. तो शांतपणे हिरवा होता. म्हणजे नेट घरापर्यंत येत होतं, डब्यातही शिरत होतं, आणि डबाच ते पुढे द्यायचं नाकारत होता. विजेची भानगड असती तर सगळे दिवे गेले असते. इथे फक्त एकच गेला होता. आमची मुलं इतके दिवस खांबांवर चढून वायर तपासत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी ऑफिसला फोन लावला. आमचे सावंत साहेब खुर्चीतून सगळा वसई तालुका दुरुस्त करतात.

"शिल्पा, रीसेट मार आणि नीघ. विरारच्या दोन तक्रारी पडल्यात."

"साहेब, रीसेट मारलं तर चालू होईल, पण का बंद पडत होतं ते कधीच कळणार नाही."

"का बंद पडलं ते कस्टमरला कळून काय करायचंय? त्याला नेट हवंय."

"मला कळून घ्यायचंय."

"तुझा हा चौकसपणा एक दिवस मला भिकेला लावणार," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रीसेट म्हणजे राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसायची. तो सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा कोरा होतो. चोर घरात असताना भिंतींना चुना लावण्यातला प्रकार. मला आधी चोर बघायचा होता.

माझ्या लॅपटॉपला वायरची जागा आहे. तिथून राउटरला वायर जोडली आणि डब्याखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. प्रत्येक राउटरच्या पोटात असं एक पान असतं. वायफायचं नाव, कोण कोण जोडलंय, काय चालू, काय बंद, सगळं तिथे. आत जायचा पासवर्डही स्टिकरवरच असतो आणि शंभरातली नव्वद माणसं तो जन्मात बदलत नाहीत.

पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला.

"मर्सी, राउटरचा पासवर्ड तू बदललास?"

"वायफायचा? नाही."

"वायफायचा नाही, राउटरच्या आत जायचा."

"आत जाता येतं?" तिने विचारलं.

मला खरंच भीती वाटली. कोणीतरी आत शिरून कुलूप बदललं होतं. बाहेरचं कोणी असेल आणि मर्सीच्या ऑफिसला कळलं, तर सोमवारची वाटही बघणार नाहीत. तिच्या ते ध्यानात आलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"एवढं काय झालं?" अंकल दारातून आत आले.

"पप्पा, कोणीतरी आपलं राउटर हॅक केलंय."

अंकलनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, मर्सीच्या मम्मीचं नाव टाकून बघ. रोझलिन. आनि पुढे आमच्या लग्नाचं वर्ष."

पान उघडलं.

मर्सी बापाकडे वळली. "पप्पा, तुम्ही?"

"मी काय हॅक नाही केलं. खाली लिहिलंय ते वाचलं. फवारनीच्या बाटलीवरचं सगळं वाचतो मी, मग हे नको वाचू? मोबाइलवर व्हिडिओ पन बघितला. आत गेलो तर तोच म्हनाला, नवा पासवर्ड द्या. दिला."

मी एकेक पान उघडत गेले. एका ठिकाणी वेळापत्रक सापडलं. मुलांनी रात्री मोबाइल बघू नये म्हणून आईबापांसाठी ही सोय असते. तिथे एकच नियम होता: रोज संध्याकाळी साडेसात ते आठ, वायफाय बंद.

"हा नियम तुमचा?"

"माझा. पन तो चालला नाही ना! साडेसातला नेट चालूच असायचं. म्हटलं, आपल्याला काय जमलं नाही. सोडून दिलं."

साडेसातचा नियम, आणि नेट जातंय पाचला. मी डोकं खाजवलं. मग पानाच्या वरच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे राउटरचं स्वतःचं घड्याळ होतं. त्यात आठ वाजायला आले होते. बाहेर मोगऱ्यावर चांगलं पिवळं ऊन होतं.

राउटर जिथे बनला तिथलीच वेळ पाळत होता. तो देश आपल्या पूर्वेला, आपल्याहून अडीच तास पुढे. आमच्या माणसांनी बसवताना ती बदललीच नव्हती. अंकलचा नियम पहिल्या दिवसापासून अगदी इमानदारीने चालत होता, फक्त परदेशातल्या साडेसातला.

"पण साडेसातला नेट बंद कशाला?" मर्सीचा आवाज चढला. "माझी नोकरी जायची वेळ आलीय, पप्पा!"

"रोझरीच्या प्रार्थनेसाठी," अंकल म्हणाले. "साडेसातला आपन मम्मीच्या खाटेजवळ बसतो. तिला नीट बोलता येत नाही, पन एकेक मनी सरकवते. आनि तू? एक नमो मरिया झाली की मोबाइल, दुसरी झाली की मोबाइल."

"ऑफिसचे मेसेज असतात!"

"असतील. मम्मी पन असते."

 मला आधी हसू येत होतं, ते तिथेच विरलं. मुलीने अर्धा तास जवळ बसावं म्हणून बापाने हा खटाटोप केला, आणि त्याच खटाटोपापायी ती पुण्याला निघाली होती. दोघांनाही याचा पत्ता नव्हता. अंकलना आत्ता लागला असावा, कारण ते एकदम खाली बसले.

"काढून टाक, बाय, तो नियम," ते म्हणाले. "मला काय माहीत, मीच तिला घालवत होतो."

मी नियमावर बोट ठेवलं आणि मर्सीकडे बघितलं. तक्रार तिची होती, काढायचा की ठेवायचा ते तिनेच ठरवायचं होतं.

ती उठली, आतल्या खोलीत गेली. आईशी काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. परत आली तेव्हा नाक पुसत होती.

"नियम राहू दे," ती म्हणाली. "घड्याळ तेवढं नीट करा."

मी राउटरला भारतात आणलं. मर्सीने तिथूनच मॅनेजरला फोन करून कारण सापडल्याचं सांगितलं, आणि अंकल एकदाचे मोटर लावायला गेले. मोटर घरघरली, राउटरचा एकही दिवा हलला नाही. निघताना अंकलनी केळीच्या पानात बांधलेला मोगरा माझ्या हातात दिला. मोटरीवर घेतलेल्या आळाबद्दल त्यांनी मला माफ केलं असं मी धरून चालले.

सावंत साहेबांनी विचारलं, "काय निघालं? तक्रार कोणाच्या चुकीत दाखवू?"

"आपल्या चुकीत दाखवा. घड्याळ लावायचं आपण विसरलो."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दाखवलं. सोमवारची मीटिंग नीट झाली, मर्सी होळीलाच आहे, आणि त्या घरातून पुन्हा तक्रार आलेली नाही.

तेव्हापासून नवा राउटर बसवला की मी पासवर्ड बदलायला लावते आणि घड्याळ बघते. आणि निघायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारते, हे कधी बंद असलेलं तुम्हाला आवडेल? अजून एकानेही विचार करायला वेळ घेतलेला नाही.