पोळी लाटताना लागलेला दिवा

आमच्या हिंदी मुलखातल्या रांझीत अनसूयाकाकूंच्या हातची पोळी न खाल्लेला मराठी माणूस दिसला, तर तो पाहुणा समजावा. नवरा गेल्यापासून पस्तीस वर्षं काकू चार घरी पोळ्या लाटतात. त्यातलं एक घर माझं. कौतुक केलं की म्हणतात, "काय राहिलं त्याचं? सकाळी लाटल्या, संध्याकाळी डबा रिकामा." मला या बोलण्याचा राग येतो.

माझी लेक ऋचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने बुटात घालायचा एक सोल बनवला होता. चाललं की आतल्या चकत्या दाबल्या जातात आणि वीज तयार होते. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर त्यावर छोटा दिवा लावून दाखवायचा होता. पण आमची राजकन्या कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटीने जाणारी. तिच्या चालण्यावर दिवा नुसता लुकलुके. ती रडकुंडीला आली, तेव्हा मीच म्हटलं, काकूंना चालायला सांग, त्या चारी घरं पायीच फिरतात.

काकूंनी सोल कपाळाला लावला आणि परत दिला. "काहून वं पोरी, दिव्यावर पाय ठेवायला लावून राहिली मला? लक्ष्मी आहे ते."

पुष्कळ समजावलं, पण ऐकतील तर शपथ. काकू पुन्हा कणीक मळायला बसल्या. ऋचा तणतणत उठली आणि त्यांच्या मनगटाकडे बघत तिथेच थांबली.

"अच्छा काकू, पाय नको. हात तो दोगी ना?"

"हात घे ना."

त्याच दुपारी तिने चकत्या काढून मनगटाच्या पट्ट्यात शिवल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात, तो पट्टा मनगटाला बांधून काकूंनी परीक्षकांच्या टेबलावर पोळपाट मांडला. पहिल्या पोळीला काहीच झालं नाही. दुसरी अर्धी झाली आणि दिवा लागला. न लुकलुकता, स्थिर.

काकू बघतच राहिल्या. मग लाटणं ठेवून, दिवेलागणीला जोडतात तसे त्यांनी हात जोडले.

दिवा विझला. ऋचाचा चेहरा पडला.

"अगं माय!" म्हणत काकूंनी लाटणं उचललं आणि भराभर लाटू लागल्या. दिवा पुन्हा लागला. त्याच्यावरची नजर न हलवता त्यांनी हळूच विचारलं, "हे माझ्या हातात होतं? पस्तीस वर्षं?"

परीक्षक उठले आणि त्यांनी काकूंना हात जोडले. काकूंचे हात रिकामे नव्हते.