फुग्याखालच्या खुर्च्या

कुसुमबाई गेल्याचा फोन उमरखेडहून आला तेव्हा मी ढाणकीच्या शाळेत वर्गावर होतो. तास पुरा केला, मगच निघालो. त्यांना तेच आवडलं असतं... याच शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं. मी आधी त्यांचा विद्यार्थी, नंतर सहकारी.

हायड्रोजनचा धडा आला की त्या पुस्तक मिटून एक गोष्ट सांगत. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शहरावर हायड्रोजन भरलेली वायुनौका तरंगत होती. लोक रस्त्यात थांबून कौतुकानं पाहत होते. ती पेटली आणि एका बँकेच्या काचेच्या छतातून थेट आत कोसळली. "वरच्यांजवळ पॅराशूट तरी होते," बाई म्हणत. "खाली टेबलाशी बसलेल्या कारकुनांना कोणी विचारलं होतं?"

त्यांचा भाचा गजानन. आईवेगळा, बाईंनीच वाढवलेला. त्यानं गावात कापडदुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला मांडवावर दुकानाच्या नावाचा भलामोठा फुगा सोडला होता, खाली फटाक्यांच्या माळा. बाईंनी फुगेवाल्याला गॅस कोणता ते विचारलं आणि उत्तर ऐकताच पाहुण्यांना उठवून खुर्च्या उचलायला सुरुवात केली.

"आत्या, काहून बेइज्जती करून राह्यली माही? लोक हासून राह्यले!"

"हासू दे. आधी फुगा मैदानात ने, मंग फटाके लाव."

गजाननानं फुगा हलवला. फटाके वाजले. फुगा रिकाम्या मैदानावर डुलत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सुरकुतून खाली आला. काहीच झालं नाही. गाव बाईंना 'फुगेवाल्या बाई' म्हणू लागलं, आणि गजाननानं त्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं ते सोडलंच.

एकदा मी विषय काढला. बाई तूर निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "फुगा पेटला असता तं गजू आज बोलत असता माह्याशी... नाही पेटला, हेच बरं."

मागच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. गजानन शेवटच्या रांगेत होता. आग्रह झाल्यावर तो माइकपाशी आला. पण तो मांडवाच्या कापडाला टेकलेल्या, तापलेल्या हॅलोजन दिव्याकडे पाहत होता.

"थो लाइट काढा आधी."

"अरे, काही होत नाही, बोल तू," कोणीतरी म्हणालं.

गजानन हलला नाही. शेवटी लाइट उतरवला. स्टेजवर जवळपास अंधारच झाला, आणि त्या अंधारात तो आपल्या आत्याबद्दल बोलू लागला.