दुसऱ्यांदा कधी लावणार

शनिवारी आजी फोन का उचलत नाही, असं तुम्ही बाबांना विचारलंत म्हणे. शनिवारी मी परीक्षेवर असते. खांद्यावर शाल, हातात घड्याळ, आणि फोन बाहेरच्या टेबलावर एका ट्रेमध्ये, मुलांच्या फोनांशेजारी. नियम सगळ्यांना सारखा.

हे काम तुमच्या आत्यामुळे मिळालं. आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि शारजाला तिच्याकडे राहायला आले. रोल्ला भागातल्या तिच्या फ्लॅटमधली कपाटं आवरून झाल्यावर दिवसभर करायला काही उरेना. आत्याचं ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आहे, आणि तिथल्याच एका इमारतीत हे परीक्षा केंद्र आहे. नोकरी-धंद्यासाठी इथे आलेल्या चिनी लोकांची मुलं मधल्याच इयत्तेत इंग्रजी शाळांत प्रवेश मागतात. तेव्हा काही शाळा त्यांना आधी आमच्याकडे पाठवतात. मुलाला इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, एवढंच आम्ही तपासायचं. बाकीचं शाळा बघते.

आधी ऐकण्याची परीक्षा होते. भिंतीवर स्पीकर आहे. मी पेपर वाटते, सूचना वाचून दाखवते, बटण दाबते. मग एक बाई आणि एक पुरुष लायब्ररीच्या वेळांबद्दल किंवा हरवलेल्या छत्रीबद्दल अगदी सावकाश बोलतात, आणि मुलं प्रश्नांची उत्तरं भरतात. त्यानंतर वाचण्याची परीक्षा. उतारे, प्रश्न, शांतता. एसी इतका गार असतो की गुडघे दुखायला लागतात. पण उठून फिरावंच लागतं, कारण देखरेख बसून होत नाही असं केंद्र चालवणाऱ्याचं म्हणणं आहे.

तो वसईचा आहे. आधी हॉटेलात होता, आता हे. चारचौघांत मला मॅडम म्हणतो आणि चिडला की आंटी. मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्या टेबलाशी येतो, आणि बोलायला वेळ नाही म्हणून तिथेच चिडतो.

अशाच एका शनिवारी तो एका मुलीचे पेपर घेऊन आला. नववीत प्रवेश हवा होता तिला. कानापर्यंत कापलेले केस, पेन्सिलींना दोन्हीकडून टोक. मला ती त्या पेन्सिलींमुळेच लक्षात राहिली होती.

"मॅडम, हे बघा. रीडिंगमध्ये जवळजवळ सगळं करेक्ट. आणि लिसनिंग कोरं. काही ठिकाणी तर अंदाजपंचेसुद्धा टिक नाही. बाजूला कोण बसलं होतं हिच्या?"

"कोणी नाही. भिंत होती."

"मग भिंतीला इंग्लिश चांगलं येतं म्हणायचं."

"तिने वाचलेलं तिचं तिनेच वाचलंय," मी म्हटलं. "मी तिथेच उभी होते."

"असेल. पण शाळेला दोन्ही मार्क लागतात. एक चान्स अजून आहे, दोन आठवड्यांनी. त्यात नाही झालं तर खलास."

खलास म्हणजे काय ते तिच्या आईने मला बाहेर सांगितलं. इंटरनॅशनल सिटीजवळच्या घाऊक बाजारात त्यांचं दिव्यांचं दुकान आहे. आईचं इंग्रजी दुकानापुरतं, पण त्यात सगळं मावलं. मुलगी लहान असताना ते दोघं इकडे आले. मुलगी तिकडे चीनमध्ये आजीजवळ वाढली. आता कुठे तिला आणलं. "शाळा नाही, तर परत आजी," ती म्हणाली आणि तळहाताने विमान उडाल्यासारखं केलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिने आईच्या पर्सचा पट्टा धरून ठेवला होता. एवढी मोठी मुलगी, पण पट्टा सोडत नव्हती.

बुधवारी दुपारी मी केंद्रात सराव घेते. ती आली. त्या दिवशी स्पीकर चालत नव्हता म्हणून उतारा मीच वाचला. शाळेची बस उशिरा का आली, वगैरे. मी वाचत होते तोवर तिने एकदाही मान वर केली नाही. पेन्सिलीने प्रश्नांमधल्या शब्दांखाली रेघा मारत होती, अगदी नेटक्या. माझं वाचून संपलं तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली, हातांची घडी घातली, आणि माझ्याकडे पाहिलं. बाकीची मुलं उत्तरं भरत होती आणि ही तयार होऊन बसलेली.

"काय झालं? लिहीत का नाहीस?" मी विचारलं.

"मिस, मी तयार आहे," ती म्हणाली. तिचं इंग्रजी पुस्तकासारखं आहे, एकेक शब्द इस्त्री केलेला. "आता तुम्ही दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा मी ऐकेन."

मी खुर्चीवर बसले.

तिच्या तिकडच्या शाळेत प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा लावत. पहिल्यांदा लागतं तेव्हा ऐकायचं नाही, प्रश्न वाचून घ्यायचे, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारायच्या. दुसऱ्यांदा लागतं तेव्हा ऐकायचं. शिक्षकच तसं शिकवत. तिला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पहिल्या वेळी कान आपोआप बंद होत. आमच्या परीक्षेत ती दुसऱ्या वेळेची वाट बघत राहिली, आणि तोवर पुढचं रेकॉर्डिंग सुरू झालं. मग त्याचे प्रश्न वाचत बसली.

"पण पहिल्या पानावर लिहिलं आहे की एकदाच लागेल," मी म्हटलं.

"पहिलं पान आम्ही वाचत नाही, मिस. ते नेहमी सारखंच असतं. वेळ वाया जातो."

"मी मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं."

तिने जरा विचार केला. "तुम्ही एकदाच वाचलंत," ती म्हणाली.

मी हे केंद्र चालवणाऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग मी तिचा पहिला पेपर धरू नका म्हटल्यावर हसायचा थांबला.

"आंटी, रिझल्ट अपलोड झालाय. आणि काय लिहू शाळेला? मुलीला वाटलं पिक्चरचा दुसरा शो आहे?"

"तिला ऐकू येतं आणि कळतंही. ती ऐकतच नाही एवढंच."

"माझी बायकोही हेच म्हणते माझ्याबद्दल. तिला कोणी ॲडमिशन देतं का?" मग जरा मऊ होऊन म्हणाला, "सेकंड चान्स आहे ना. तेवढ्यात शिकवा तिला. जमलं तर जमलं, इन्शाल्ला."

सांगून जमलं असतं तर प्रश्नच नव्हता. तिला पहिल्याच दिवशी सगळं समजलं होतं. मान डोलावून "हो मिस, एकदाच" म्हणायची, मी वाचायला लागले की डोळे कागदावर, हात रेघा मारायला लागलेला, कान बंद. दोन-तीन ओळींनंतर तिच्या लक्षात यायचं आणि ती दचकून वर बघायची. तोवर बस निघून गेलेली असायची. मी तिला कागद उलटा ठेवायला लावला. तर ती त्या कोऱ्या पाठीकडेच बघत बसली.

मी रोज जायला लागले. आत्या म्हणाली, "आई, तुला शनिवार-बुधवारचं काम दिलंय, रोजचं नाही. ट्रॅफिकमध्ये कंबर मोडते तुझी आणि रात्री मी तेल लावते." खरंच होतं ते. शारजातून बाहेर पडायलाच इतका वेळ जातो की पोचेपर्यंत माणूस दिवसभर राबल्यासारखं होतं. संध्याकाळी परत तीच रांग. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघून बघून डोळे मिटले तरी तेच दिसतात.

पुस्तकातले उतारे संपले, म्हणून आणि मीही कंटाळले होते म्हणून, एक दिवस मी पुस्तक मिटलं. तिलाही कागद नव्हता. मी आपलं इंग्रजीत तुमच्याबद्दल सांगत बसले. तुमच्या अंगणात बर्फ पडतो. धाकटी बूट उलटसुलट घालते. मोठ्याला वरण चालत नाही पण वरणातला लसूण चालतो. तुम्ही उन्हाळ्यात येणार होतात, मग बाबांचं काम निघालं. प्रश्न नव्हते, मार्क नव्हते. मी खिडकीकडे बघत बोलत होते, त्यामुळे ती काय करते आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "मग ते कधी येतील?"

"कोण?"

"तुमची नातवंडं. बाबांचं काम संपल्यावर?"

तिने ऐकलं होतं. एकदाच सांगितलं होतं, आणि लसणापर्यंत सगळं ऐकलं होतं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. मग मी तिला तिच्या आजीबद्दल विचारलं. आजीने तिची खोली तशीच ठेवली आहे. आजी दर आठवड्याला तिची रजई उन्हात घालते. आजीला वाटतं शाळा मिळू नये. आजी तसं बोलत नाही, पण तिकडच्या शाळेत जागा अजून आहे हे मात्र दर वेळी सांगते.

"आणि तुला काय हवंय?"

"आई सकाळी माझे केस विंचरते," ती म्हणाली. "केस लहान आहेत. विंचरायची गरज नाही. तरी विंचरते."

त्यानंतर मी थकवा वगैरे काही बोलले नाही आत्याजवळ. पण तुम्हाला खरं सांगते, दमत होतेच. त्या दुसऱ्या आजीची रजई सारखी डोळ्यांसमोर यायची. मी इकडे या मुलीला शिकवत होते आणि तिकडे कुणाच्या तरी घरातली खोली कायमची रिकामी होणार होती. माझ्याच वयाची असेल ती. तिने माझं काय वाकडं केलं होतं?

दुसऱ्या परीक्षेच्या शनिवारी मी पेपर वाटले, सूचना वाचल्या, बटण दाबायला गेले. परीक्षेवर असताना मी कोणाकडे बघूनही हसत नाही. मागे बघितलं तर तिने प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला होता. दाराच्या काचेतून केंद्र चालवणाऱ्यानेही ते पाहिलं आणि मला हातानेच विचारलं, हे काय? मी बाहेर गेले नाही. नंतर तो म्हणालाच, "मला वाटलं गेली केस. पेपरच बघत नाही पोरगी."

रेकॉर्डिंग लागलं. ती स्पीकरकडे बघत होती, माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. ते संपलं की कागद सरळ करायची, भराभर उत्तरं भरायची, पुढचं सुरू व्हायच्या आत परत उलटा. एका ठिकाणी उशीर झाला. एका ठिकाणी खोडलं. मी तिच्या रांगेत फिरकलेच नाही. मला ते बघवत नव्हतं.

ऐकण्यात तिला बेताचे मार्क मिळाले. वाचण्यात या वेळी आधीपेक्षा कमीच पडले. दमली असणार. पण शाळेला पुरले, आणि तिला नववीत प्रवेश मिळाला. निकाल सांगितला तेव्हा तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि दुकानापुरत्या इंग्रजीतलं सगळं बोलून झाल्यावर तिच्या भाषेत बोलत राहिली. केंद्र चालवणारा म्हणाला, "मॅडम, यल्ला, चला, आता तरी घरी जा. आणि पुढच्या वेळी सूचना दोनदा वाचा." थट्टेत म्हणाला, पण मी तेव्हापासून वाचते.

मी ट्रेमधून फोन घेत होते तेव्हा मुलगी जिन्याजवळ उभी राहून आजीला फोन लावत होती. स्पीकर चालू ठेवला होता, कारण आईलाही बोलायचं होतं. तिने एक वाक्य सांगितलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण शाळा मिळाली हेच सांगितलं असणार. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात काहीतरी लहानसं आलं, आणि मुलीने तेच वाक्य परत म्हटलं, जरा मोठ्याने, सावकाश.

फोन झाल्यावर मी विचारलं, "आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, ऐकू नाही आलं, परत सांग."

"मग?"

"दुसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाली, बरं, जेवत जा वेळेवर."

लाइन चांगली स्वच्छ होती. तिच्या तिकडच्या घरातला टीव्हीदेखील मला जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

परतीच्या रांगेत आत्याने विचारलं, झालं का तुझ्या त्या मुलीचं? झालं म्हटलं. गाडी उभीच होती. गेल्या वर्षी बाबांनी तुम्ही सगळे तिकडेच राहणार, घर घेतलं, असं फोनवर कळवलं, तेव्हा तो फोन आत्याच्या हातात होता, स्पीकर चालू. मीही तेव्हा 'परत सांग' म्हणाले होते, ते तिला आठवत असेल. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्या आजीने ती रजई आता उन्हात घालणं बंद केलं असेल का, कोण जाणे. मी तरी केलं नसतं.