कुलपातली वही

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला अहमदपूरच्या आमच्या चर्चमधलं लोखंडी कपाट आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि टँकर चर्चच्या फाटकाशी थांबायचा म्हणून बाया प्रार्थनेलाही रिकाम्या घागरी घेऊन यायच्या. माझी थोरली बहीण दवाखान्यात नर्स होती. तिथल्या हिंदू कंपाउंडरवर तिचं प्रेम होतं. चर्चच्या पंचकमिटीने बोलावून विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं, आणि त्यांनी तिचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षरस, सहा महिने बंद केलं. पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, सगळं वहीत लिहून वही त्या कपाटात ठेवली. म्हणाले, "बाई, हे गुप्त हाय. कुलपाच्या बाहेर जाणार न्हाई." महिन्याभरात नांदेडहून मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी बहिणीच्या पानावरचेच शब्द आईला ऐकवले आणि चहाही न घेता उठले. त्या रविवारी बहीण भर उपासनेत उभी राहिली. "पाळकसाहेब, वही काढा. माझं पान गावाला वाचून दाखवलंत, आता बाकीची बी वाचा. दारू पिऊन सुनेला मारणाऱ्या पंचाचं पान असंलच की." तिची सगळ्यात जास्त खोदून खोदून चौकशी करणारा तो पंच आपल्या बुटांकडे बघत बसला. पाळकांनी घाईघाईने बेसूर गीत सुरू केलं, आणि सगळी पवित्र मंडळी त्यांच्यामागे केकाटू लागली. बहिणीने पुढे त्याच कंपाउंडरशी लग्न केलं. मी अजून दर रविवारी चर्चला जाते, पण माझं काही चुकलं तर ते देवाला सांगते; त्या चोंबड्यांना नाही.