केबिनमधली बापाची जागा

भाजीवाले अण्णा प्रेमळ होते असं कुणी म्हटलं तर गावात त्याचं हसं होईल. माणसाला टेम्पोत घ्यायचं तेसुद्धा खेकसून. निपाणीहून व्यापाऱ्यांची भाजी भरून ते पहाटे बेळगावला निघत आणि शेजारच्या सीटवर कायम कुणीतरी बाप असे. कुणाची मुलगी बेळगावच्या खासबागेत राहून शिकणारी, कुणाचा मुलगा हिंडलग्याच्या तुरुंगात. भाडं विचारलं की अण्णा भडकत. "बापाचं भाडं घेत न्हाय मी. बस गप."

मलाही त्यांनी असंच झापलं होतं. माझ्या सात वर्षांच्या सुमीला दर महिन्याला बेळगावच्या दवाखान्यात रक्त चढवावं लागतं. आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून तिची आई न्यायची. माझं तिकीट दर वेळी परवडत नसे. पण सुमी सुई टोचून घ्यायची ती माझ्याच मांडीवर. मी नसलो की नर्सना तिला दाबून धरावं लागे. हे कळल्यावर अण्णा उखडले. "बायकास्नी फुकट केलं ते बेसच झालं. पर बापानं पोरीजवळ जायाचं न्हाय व्हय रं? चढ वर."

बेळगावच्या अलीकडे एका नळावर ते गाडी थांबवत आणि बापाला तोंड धुवायला लावत. "पोर तुझ्या तोंडाकडं बघनार हाय. असलं रडकं घिऊन जाऊ नगंस." मी घासून धुवायचो.

व्यापाऱ्यांना त्या सीटवर मालाची राखण करायला स्वतःचा माणूस हवा होता. अण्णा हटले नाहीत. मग सगळ्यांनी मिळून त्यांना माल देणं बंद केलं, आणि टेम्पो विकावा लागला. मी भेटायला गेलो तर म्हातारा अंगणात धुमसत बसलेला. "गाडी गेली तर जाऊ दे रं. पर एवढ्या मोठ्या सरकारला गरीब बापासाठी एक सीट सुचंना, त्येचा लई राग येतोय."

मलाही येतो. त्यानंतर मला दवाखान्यात जाता आलेलं नाही. परवा बायको सांगत होती, सुमीनं स्वतःहून हात पुढे केला, रडली नाही, मला हाकही मारली नाही. शेजारीपाजारी म्हणतात, पोर शहाणी झाली. शहाणी कसली? सात वर्षांच्या पोरीनं बापाची वाट बघणं सोडलंय, आणि तुम्ही कौतुक काय करता?